मार्च : महिना, शीव आणि मजल

इंग्रजी शब्दकोशात काही शब्दांच्या डोक्यावर बारीक आकडे छापलेले असतात. एक, दोन, तीन. या आकड्यांचा अर्थ असा की, स्पेलिंग आणि उच्चार सारखा असला तरी हे शब्द एका घरातले नाहीत. आडनाव एक, पण मूळ गाव वेगवेगळे. 'मार्च' हा असा शब्द आहे. एक मार्च म्हणजे वर्षाचा तिसरा महिना. दुसरा मार्च म्हणजे पावले जुळवून चालणे, फौजेची कूच, बँडची एक चाल आणि आंदोलकांची मिरवणूकही. तिसरा मार्च आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो. तो म्हणजे सीमेलगतचा मुलूख, शिवेवरचा प्रदेश.

भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या कामात गेली आणि तिथे 'मार्च' या शब्दाला एकच अर्थ होता : मार्चएंड. पण शब्दकोश वाचायची सवय जुनी. त्या सवयीतून या तीन मार्चच्या मागे लागलो, तेव्हा ध्यानात आले की कोशकारांनी हे शब्द वेगळे केले ते रास्तच. इतिहास मात्र त्यांना पुन्हा पुन्हा एकत्र आणतो. दुसरेही एक ध्यानात आले. इंग्रजी ज्या गोष्टी एका शब्दात कोंबते, त्यांना मराठीने निरनिराळी नावे दिली आहेत, आणि त्या नावांत चालणारा कोण आणि कुणाच्या हुकमाने चालतो, हे नोंदलेले आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

महिना

महिन्याचे नाव सरळ आहे. रोमन युद्धदेवता मार्स, तिचा महिना मार्टियस. रोमच्या जुन्या कालगणनेत वर्ष याच महिन्यात सुरू होई. त्याची खूण आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात अजून आहे. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात, ऑक्टो म्हणजे आठ, नोवेम नऊ आणि डेसेम दहा. तरीही सप्टेंबर आज नववा महिना आहे आणि डिसेंबर बारावा. मार्चपासून मोजायला लागा, हिशेब बरोबर जुळतो.

वर्षाचा आरंभ युद्धदेवतेच्या नावे का? कारण हिवाळा सरला की मोहिमांचा हंगाम सुरू होई. मार्चमध्ये मार्सचे पुरोहित पवित्र ढाली घेऊन रोमच्या रस्त्यांतून नाचत जात. १९ ऑक्टोबरला शस्त्रशुद्धीचा सण होई आणि हत्यारे वर्षापुरती ठेवून दिली जात.

मराठी वाचकाला इथे दसरा आठवल्यावाचून राहणार नाही. रोमन सैनिक ज्या महिन्यात हत्यार खाली ठेवी, साधारण त्याच सुमारास आपल्याकडे शस्त्रपूजा होऊन फौजा बाहेर पडत. कारण दोन्हीकडे हवामानाचेच. तिकडे थंडी आडवी येई, इकडे पाऊस. नद्या उतरल्या, चिखल वाळला, घोड्याला चारा झाला की मराठी फौज निघे. पुढच्या पावसाआधी ती परते, नाहीतर मुलुखातच छावणी करून राही. या निघण्याला आपण दिलेले नाव आहे सीमोल्लंघन. खेड्यापाड्यांत त्याचे शिलंगण झाले. मोहिमेचा महिना, मोहिमेची चाल आणि ओलांडायची सीमा. इंग्रजीचे तिन्ही मार्च या एका मराठी शब्दात सामावतात, आणि तेही उच्चाराच्या योगायोगाने नव्हे, अर्थाने.

पुढे रोमने वर्षारंभ मार्चवरून हलवला. इसवी सनापूर्वी १५३ पासून कॉन्सल १ जानेवारीला अधिकार घेऊ लागले. त्याचे कारण म्हणून स्पेनमधला उठाव सांगितला जातो. सेनापतींना तिकडे लवकर रवाना करायचे होते. म्हणजे नवे वर्ष मार्चमधून उठून जानेवारीत गेले तेही फौजेच्या मार्चसाठीच.

इंग्लंडने मात्र मार्च दीर्घकाळ सोडला नाही. तिथले कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७५१ हे वर्ष ३१ डिसेंबरलाच संपवून १७५२ पासून १ जानेवारी हा वर्षारंभ ठरला, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडवून अकरा दिवस गाळले गेले. जुन्या २५ मार्चची सावली अजून आहे : ब्रिटनमधले व्यक्तिगत कराचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते. भारतात सरकारी हिशेबाचे वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल असे होते. ब्रिटिश सरकारच्या वर्षाशी जुळवून घेण्यासाठी १८६७ मध्ये ते १ एप्रिल ते ३१ मार्च असे झाले. आपला मार्चएंड तिथला. युद्धदेवतेच्या महिन्यात आता कारकून जागरण करतात, एवढाच फरक.

शीव

तिसऱ्या मार्चचे कूळ जर्मानिक भाषांत आहे. मूळ शब्दाचा अर्थ खूण, हद्दीची खूण, आणि मग हद्दीवरचा मुलूख. आपण परीक्षेत मिळवतो ते 'मार्क' याच कुळातले. डेन्मार्क हे देशनाव त्यातलेच. प्राचीन इंग्लंडमधले मर्सिया हे राज्य म्हणजे शिवेवरच्या लोकांचे राज्य. त्याच मर्सियाच्या ऑफा राजाने आठव्या शतकात वेल्सच्या हद्दीवर मातीचा लांबलचक बांध घातला. तो आजही दिसतो.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने वेल्सच्या बाजूला चेस्टर, श्रूजबरी आणि हेरफर्ड इथे आपले जबरदस्त सरदार बसवले. या मुलखाला वेल्श मार्चेस म्हणतात. तिथल्या सरदारांना किल्ले बांधायची, न्याय द्यायची, लढाई करायचीसुद्धा जी मोकळीक होती ती इंग्लंडच्या आतल्या भागातल्या सरदारांना नव्हती. राजाचा हुकूम तिथवर पोचेपर्यंत पातळ होई. आठव्या हेन्रीच्या काळात, सोळाव्या शतकात, कायदे करून हा निराळेपणा संपवला गेला.

स्कॉटलंडच्या बाजूला सीमेचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन मार्च होते आणि प्रत्येकावर दोन्ही देशांचे रक्षक नेमलेले असत. गुरे पळवणे हा तिथला सर्रास धंदा. त्यामुळे कायदाही तसाच. ज्याची गुरे गेली त्याला सहा दिवसांच्या आत, माग काढत, सीमा ओलांडून जायचा हक्क होता. भाल्याच्या टोकावर पेटते ढेकूळ लावून जायचे, म्हणजे हा चोर नव्हे, फिर्यादी आहे हे दिसे. सीमा ओलांडणे हा गुन्हा की हक्क, हे ओलांडणाऱ्याच्या हातात काय आहे त्यावर ठरत होते. १६०३ मध्ये दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले आणि हे मार्च संपले.

पण तिथल्या गावांनी शब्द ठेवला. लिनलिथगोसारख्या गावात दरवर्षी 'मार्चेसवरून फेरी' निघते. गावाच्या हद्दीच्या खुणा जाग्यावर आहेत ना, कुणी शेजाऱ्याने बांध कोरला नाही ना, हे पाहायला पूर्वी लोक निघत. आता तो सण झाला आहे. मार्चवर मार्च. आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचे नवल वाटू नये. बांध कोरल्यावरून दिवाणी दावे तीन पिढ्या चालतात, हे त्याला कुणी सांगायला नको.

मुलखाच्या शिवेवर बसवलेल्या अधिकाऱ्याला जर्मनीत मार्कग्राफ म्हणत, फ्रान्समध्ये मार्की. इंग्रजीत तो मार्क्वेस झाला. ही पदवी पुढे नुसती मानाची उरली, आणि ती आपल्या इतिहासात वारंवार भेटते. टिपूचा पाडाव झाल्यावर १७९९ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली मार्क्वेस झाला. १८०२ चा वसईचा तह त्याच्याच कारकिर्दीतला. पेशवाई बुडाली तेव्हा गव्हर्नर जनरल होता मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज. साताऱ्याचे राज्य खालसा करणाऱ्या डलहौसीला पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये हीच पदवी मिळाली. पदवीचा मूळ अर्थ शीव राखणारा. या तिघांनी दुसऱ्यांच्या शिवा पुसल्या.

जर्मानिक 'मार्क'चा एक दूरचा भाऊ इराणात आहे. फारसीत मर्झ म्हणजे सीमा, आणि ससानी राजांचा सीमाप्रांताचा अधिकारी तो मर्झबान. म्हणजे मार्क्वेसचा इराणी अवतार. मुंबईच्या पारशांत हे आडनाव आहे; १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान सर्वांना ठाऊक आहेत. लॅटिनमधला भाऊ म्हणजे मार्गो, काठ. त्यापासून मार्जिन. शाळेच्या वहीत आपण आखतो ती रेघ.

आणि मराठीत? संस्कृत सीमेची मराठी लेक म्हणजे शीव. तिच्यापासून शिवार. मुंबईतल्या सायन स्टेशनच्या पाटीवर मराठीत 'शीव' लिहिलेले असते ते याच अर्थाने : मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली ही शीव. हे ठिकाण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे तिथे मुक्काम करायचा आहे.

मजल

चालण्याचा मार्च फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पंधराव्या शतकात. फ्रेंच क्रियापदाचा जुना अर्थ तुडवणे. त्याच्या मागे काय आहे याबद्दल दोन मते आहेत. एका मताने मूळ लॅटिनमधल्या हातोड्याच्या नावात आहे; पावले हातोड्यासारखी आपटणे ते मार्च. दुसरे मत असे की, याही शब्दाचे मूळ त्या जर्मानिक 'मार्क'मध्येच आहे : पावलाने जमिनीवर खूण उमटवणे. हे दुसरे मत खरे असेल तर कोशातला दोन नंबरचा आणि तीन नंबरचा मार्च सख्खे भाऊ ठरतात. मला ते पटते, पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

रोमन सैन्याची चाल किती असावी, हे व्हेजिटियस या लेखकाने लिहून ठेवले आहे. उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल. चालणे हे असे मोजले गेले की ते मार्च होते. एकट्याचे चालणे मार्च नव्हे. पावले मोजलेली, अंतर ठरलेले, वेळ ठरलेली आणि हुकूम दुसऱ्याचा.

आपल्याकडे या सगळ्यासाठी निरनिराळे शब्द आहेत. फौज निघते ती कूच. हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मागे भटक्या तुर्की टोळ्यांचे तळ उठवणे आहे. एका दिवसात फौज जितके चालेल ती मजल, अरबी मंझिलपासून. पेशवेकालीन पत्रांत माणसे 'मजल दरमजल' येतात. फौजा गेल्या, मजल राहिली. यश मिळवले तर मजल मारली, आणि कुणी मर्यादा सोडली तर त्याची मजल कुठवर गेली बघा, असे आपण म्हणतो. शाळेच्या मैदानावरचे ते संचलन, विठ्ठलाकडे चाललेली ती दिंडी, लग्नाची ती वरात, गणपतीची ती मिरवणूक. चालतात सगळेच. पण वारकऱ्याच्या चालण्याला संचलन म्हणून पाहा, जीभ अडते. दिंडीतही ताल असतो, शिस्त असते, मुक्काम ठरलेले असतात. नसतो तो हुकूम.

मोर्चा

आता उरला तो शब्द, ज्याच्याकडे पाहून पुष्कळांना वाटते की हा मार्चचाच मराठी अपभ्रंश असावा. मोर्चा. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा. पण नाते काहीही नाही.

मोर्चा फारसीतून आला, आणि त्याचा चालण्याशी संबंध नव्हता. उलट तो एका जागी ठाण मांडण्याचा शब्द. किल्ल्याला वेढा घालणारी फौज तटासमोर खंदक खणी, मातीचे आडोसे उभारी, त्यामागे तोफा लावी. तो मोर्चा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली ती मोर्चे बांधून आणि तटाखाली सुरुंग भरून. जुना अर्थ आजच्या बोलण्यात दोन ठिकाणी जिवंत आहे. निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रे मोर्चेबांधणी लिहितात, तेव्हा कुणी रस्त्यावर चालत नसते. आणि पाहुण्यांनी भज्यांकडून जिलबीकडे आपला मोर्चा वळवला असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तोफेचे तोंड फिरवलेले असते.

हिंदीत हा शब्द अजून रणभूमीवरच आहे. तिथे जवान मोर्चावर असतो, पक्षांचा संयुक्त मोर्चा होतो. गंमत म्हणजे हिंदीतही या शब्दाला एक तोतया आहे : लोखंडाला चढणारा गंज, तोही मोरचा. म्हणजे आकडे घालायची पाळी आपल्याकडच्या कोशकारांवरही येते. पंजाबात अकाली चळवळीत या शब्दाने आणखी एक पाऊल टाकले. १९२२ चा गुरू का बाग मोर्चा हा बंदुकीशिवायचा वेढा होता. रोज एक जथा निघे, लाठ्या खाई, हात उचलत नसे. दुसऱ्या दिवशी पुढचा जथा.

मराठीत मोर्चा पूर्णपणे पायी चालू लागला. मोर्चा आता काढतात, नेतात, अडवतात. तहसीलवर मोर्चा, मंत्रालयावर मोर्चा, १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध मुंबईतल्या बायकांचा लाटणे मोर्चा. पण 'वर' हा प्रत्यय पाहा. देवळात दिंडी 'ला' जाते, 'कडे' जाते. मोर्चा 'वर' जातो, जशी फौज किल्ल्यावर जाते. वेढ्याचे व्याकरण तसेच राहिले आहे, फक्त वेढा घालणारे बदलले. पूर्वी ज्यांच्याकडे तोफा होत्या त्यांचा हा शब्द होता. आता ज्यांच्याकडे पायांखेरीज काही नाही त्यांचा आहे. एखाद्या शब्दाने असा पक्ष बदलल्याची उदाहरणे फार नाहीत.

तीन मार्च एका जागी

२० मार्च १९२७. महाडच्या परिषदेला आलेले हजारो अस्पृश्य बांधव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग रांगेने, शिस्तीने, गावातून चवदार तळ्याकडे चालत गेले आणि तिथले पाणी प्यायले. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव केला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. म्हणजे कागदावरची शीव पुसलेली होती. जमिनीवरची पुसायला पाय लागले. अंतर फार नव्हते, वीस रोमन मैल तर नव्हतेच. पण या देशात इतक्या थोड्या पावलांत इतकी मोठी मजल क्वचितच कुणी मारली असेल. त्यानंतर खटला दहा वर्षे चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये, तोही मार्चमध्ये.

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, मोठी मिरवणूक देवळाच्या दारापर्यंत गेली आणि दारे बंद झाली. दहाच दिवसांनी, १२ मार्चला, महात्मा गांधी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून दांडीकडे निघाले. सुमारे ३८५ किलोमीटर. ६ एप्रिलला मीठ उचलले. इंग्रजीत ती सॉल्ट मार्च, मराठीत दांडीयात्रा. गुजरातीत मात्र दांडीकूच. फौजेचा शब्द, आणि हातात काठी.

१९७९ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लोक निघाले. त्यांनी मोर्चा, यात्रा, कूच हे हाताशी असलेले शब्द बाजूला ठेवून चीनमधल्या १९३४-३५ च्या माओच्या फौजेचा शब्द घेतला : लाँग मार्च. नामांतर, म्हणजे नामविस्तार, १४ जानेवारी १९९४ ला झाला. तेव्हापासून लाँग मार्च हा मराठी शब्द आहे असे मी मानतो.

आणि मग मार्च २०१८. नाशिकहून ६ मार्चला किसान सभेचा लाँग मार्च निघाला. हजारो माणसे, त्यांत मोठी संख्या आदिवासींची. मागण्यांत कर्जमाफी होती, पण आदिवासींची मुख्य मागणी वनजमिनीची. २००६ च्या वनाधिकार कायद्याने कसणाऱ्याच्या ताब्यातली जमीन चार हेक्टरपर्यंत त्याच्या नावे करायची तरतूद आहे. तक्रार अशी की, दावे पडून आहेत, आणि जिथे पट्टा मिळाला तिथे कसत असलेल्या जमिनीपेक्षा मोजून कमी मिळाला. म्हणजे तंटा कशाचा? खुणेचा. हद्दीच्या दगडाचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शिवाराला सरकारी कागदावर शीव नाही, म्हणून ही माणसे सुमारे १८० किलोमीटर चालत आली, अनेकांच्या तळव्यांची सालपटे निघालेली. मार्च महिन्यात मार्चसाठी निघालेला मार्च.

११ तारखेला त्यांचा मुक्काम पडला सोमय्या मैदानावर, म्हणजे शीव इथे. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता तर वाहतूक कोंडून मुलांचे हाल झाले असते. म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत चालत आझाद मैदानावर पोचली. ती तारीख १२ मार्च, दांडीकूच सुरू झाली तीच. त्या दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिले.

इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, मार्च चोरणे. शत्रू झोपेत असताना रात्रीची मजल मारून त्याच्या पुढे निघून जायचे, असा त्याचा लष्करी अर्थ. सेनापती रात्रीची कूच करतात ती दुसऱ्याला गाठण्यासाठी. शीवहून निघालेली ही रात्रीची कूच दुसऱ्यांच्या मुलांना पेपरला वेळेवर पोचता यावे म्हणून होती. युद्धदेवतेच्या महिन्यात, युद्धातून आलेल्या शब्दाखाली, वेढ्यातून आलेला मोर्चा घेऊन ही माणसे चालली, आणि त्यांच्या चालण्यात युद्धाचा लवलेश नव्हता.

कोशकाराने शब्दांवर घातलेले आकडे आपल्या जागी ठीक आहेत. माझ्या प्रतीत मी 'मार्च'च्या तीन नोंदींसमोर, समासात, म्हणजे पुन्हा शिवेवरच, पेन्सिलीने चौथा आकडा घातला आहे. त्यापुढे अर्थ एवढाच लिहिला आहे : दुसऱ्याने आखलेली खूण पायांनी पुन्हा आखणे.